बाहुला परत आला

दिवाळी होते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान शेतात पिवळा पडत असतो. अशा दिवसांत भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दूरचे सोयरे मुद्दाम येतात. दिवसा बाजार व दंडार, आणि रात्र पडली की नाटक! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील वनप्रदेशास झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील नाट्यपरंपरेस झाडीपट्टी रंगभूमी हे नाव आहे. नाटक रात्री उशिरा सुरू होते, ते पहाटेपर्यंत चालते. थंडीने अंग काकडते. परंतु अंगावरील चादर घट्ट ओढून घेऊन प्रेक्षक बसलेलेच असतात.

या प्रेक्षकांची एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. आवडलेले नाटक काही वर्षांनी पुन्हा गावात येते. नाटक तेच असते. पण नायक बदललेला असतो, खलनायक बदललेला असतो. म्हाताऱ्या मंडळींत कुजबुज सुरू होते. पूर्वीच्या नटाचा आवाज कसा खणखणीत होता, याचे वर्णन होते. तरीही भूमिका जुन्या नटाबरोबर संपली, असे कोणी म्हणत नाही. तळे जुने असले तरी त्यातील पाणी दरसाल नवे, हे तळ्यांच्या या जिल्ह्यात कोणास सांगावे लागत नाही.

चित्रपटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नटाने एकदा केलेला अभिनय तेथे कायमचा टिपला जातो. वीस वर्षांनी पाहावे, तरी तोच चेहरा, तेच हसू, तेच अडखळणे! त्यामुळे भूमिका आणि नट यांची फारकत करणे प्रेक्षकास कठीण होऊन बसते. अशा चित्रपटाचा दुसरा भाग पुष्कळ वर्षांनी निघाला, आणि जुना नट मध्यंतरी जगातून निघून गेलेला असला, म्हणजे चाहत्याची मोठी पंचाईत होते. मराठीत ही पंचाईत 'झपाटलेला' या चित्रपटाच्या चाहत्यांवर आली.

'झपाटलेला' प्रदर्शित झाला १९९३ साली. त्याचे दिग्दर्शक महेश कोठारे हे लहानपणी 'छोटा जवान' या चित्रपटातील बालनट म्हणून लोकांस ठाऊक झाले होते. पुढे ते दिग्दर्शक झाले. 'धूमधडाका', 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज' हे त्यांचे चित्रपट एकामागून एक गाजले. या नावांतील अक्षरे मोजून पाहावीत. प्रत्येक नावात पाचच भरतात, आणि 'झपाटलेला' या नावातही पाचच! या सर्व चित्रपटांतून लक्ष्मीकांत बेर्डे हे विनोदी नट लोकांसमोर आले, आणि घराघरांत 'लक्ष्या' झाले. वयाने मोठ्या असलेल्या नटास लहान मुले अशी एकेरी हाक मारीत. त्यात अनादर नव्हता, घरोबा होता.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. तात्या विंचू हा क्रूर गुन्हेगार बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून एक मंत्र मिळवितो. या मंत्राने एका देहातील जीव दुसरीकडे नेता येतो. इन्स्पेक्टर महेश जाधव यांची गोळी लागताच मरता मरता तो आपला जीव एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला पुढे साध्याभोळ्या लक्ष्याच्या घरी येतो. लक्ष्यास बोलक्या बाहुल्यांचा खेळ करण्याची हौस असते. त्यामुळे बाहुला बोलला, तरी तो लक्ष्यानेच बोलविला, असे सर्वांस वाटते! लक्ष्या जीव तोडून खरे सांगतो, आणि लोक त्यास वेडा ठरवितात. भीती आणि हसू ही दोन टोके या एकाच प्रसंगात जुळून आली आहेत. लक्ष्या भ्यायला की प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता स्वतःच भितो.

बाहुल्यामागील हात रामदास पाध्ये यांचे होते. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे भारतातील आरंभीच्या शब्दभ्रमकारांपैकी एक. त्यांचा 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला महाराष्ट्रात फार प्रसिद्ध झाला, व तो पुढे मुलाने सांभाळला. शब्दभ्रमकार ओठ न हलविता बोलतो व त्याच वेळी बाहुल्याचे तोंड हलवितो. आवाज नेमका कोठून आला हे ठरविताना कान डोळ्यांचे साहाय्य घेतात. जे तोंड हलताना दिसते त्यातूनच शब्द निघाले, असे मन मानते. ही कला दिसते तितकी सोपी नाही. आरशासमोर उभे राहून ओठ न हलविता 'आई' म्हणता येते, 'काका' म्हणता येते. परंतु 'बाबा' किंवा 'मामा' म्हणून पाहावे! प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत. दोन्ही ओठ मिटल्यावाचून ते नीट उमटत नाहीत. शब्दभ्रमकारास त्यांच्याऐवजी जिभेने जवळचा दुसरा आवाज काढून ऐकणाऱ्यास चकवावे लागते, व त्यासाठी वर्षानुवर्षे सराव करावा लागतो. चित्रपटात ही अडचण पडत नाही, कारण आवाज निराळा मुद्रित करता येतो. तात्या विंचूची भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर यांनीच बाहुल्यासही आवाज दिला. म्हणजे या बाहुल्यात हात एका कलावंताचा होता, आवाज दुसऱ्याचा होता, आणि त्यास घाबरून दाखविण्याचे काम तिसऱ्याचे होते. लाकूड, कापड व रंग यांच्या त्या वस्तूस जीव आला, तो या तिघांमुळे.

आता झाडीपट्टीतील एका मुलाची कल्पना करावी. चित्रपट निघाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्या लहानशा गावी चित्रपटगृह नव्हते. कोणा हौशी मंडळींनी व्हिडिओ भाड्याने आणला, चौकात दूरदर्शन संच मांडला, आणि सारे गाव तनसीवर गोणपाट अंथरून बसले. त्या रात्री घरी परतताना हा मुलगा दोन मोठ्या माणसांच्या मधून चालला. बहिणीची बाहुली त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि सकाळी उठल्यावर ती फिरली तर नाही ना, हे प्रथम पाहिले. पुढे दूरचित्रवाणीवर जेव्हा जेव्हा हा चित्रपट लागला, तेव्हा तेव्हा त्याने तो पाहिला. भीती हळूहळू ओसरली. लक्ष्याविषयीची माया मात्र वाढत गेली.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. ते अवघे पन्नास वर्षांचे होते. ज्यांनी त्यांस प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते, अशा हजारो घरांत त्या दिवशी कोणी आपले माणूस गेल्यासारखे वाटले. आपला हा मुलगा तोवर तेवीस वर्षांचा झाला होता.

आणि ७ जून २०१३ रोजी 'झपाटलेला २' प्रदर्शित झाला.

बातमी ऐकून त्यास प्रथम आनंदच झाला. तात्या विंचू परत येणार होता. पाध्ये यांचा बाहुला होता, प्रभावळकरांचा आवाज होता, दिग्दर्शकही तेच होते. शिवाय चित्रपट त्रिमिती होता. माणसाचे दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या बाजूंनी पाहतात, व मेंदू त्या दोन चित्रांवरून वस्तूची खोली ओळखतो. त्रिमिती चित्रपटात हीच दोन चित्रे पडद्यावर टाकतात, आणि विशिष्ट चष्म्याने एकेका डोळ्यास एकेक पोचवितात. त्यामुळे वस्तू पडद्याबाहेर आल्याचा भास होतो. जो बाहुला भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, तो आता अंगावर येणार! पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या मनात आले, लक्ष्या कोठे आहे?

कथाकारांनी या प्रश्नास उत्तर योजले होते. नव्या चित्रपटाची कथा लक्ष्याच्या मुलाभोवती गुंफलेली होती. त्याचे नाव आदित्य, आणि ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. ते महेश कोठारे यांचे पुत्र. १९९४ सालच्या 'माझा छकुला' या चित्रपटात लहानग्या आदिनाथास लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासह प्रेक्षकांनी पाहिले होते. म्हणजे नवा नायक अगदीच परका नव्हता. लक्ष्याच्या आईची भूमिका करणाऱ्या मधू कांबीकर या वेळी आजी होऊन आल्या. जुने घर शाबूत होते. मधला खांब तेवढा नव्हता.

त्रिमितीची सोय जवळपास नव्हती, म्हणून या चाहत्याने आपल्या सात वर्षांच्या मुलीस घेऊन नागपूर गाठले. जाताना तो फार बोलत होता, येताना गप्प होता. चित्रपट त्यास आवडला नाही, असे नव्हे. बाहुला पडद्यावर प्रथम दिसला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, आणि जुना आवाज कानी पडताच तो खुर्चीत सावरून बसला. परंतु भीतीचा प्रत्येक प्रसंग आला की त्याची नजर लक्ष्यास शोधी. येथे तो कसा अडखळला असता, कोठे धावला असता, कसा पालथा पडला असता, हे तो मनातल्या मनात पाहत राही, आणि तोवर पडद्यावरचा प्रसंग निघून जाई. नव्या नटाने काही कमी केले होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या तरुणाने नक्कल केली असती, तर चाहते रागावले असते. नक्कल केली नाही, म्हणूनही काही रागावले. असल्या कसोटीस उतरणे कोणासही अवघडच.

चाहत्याच्या तक्रारीत आणखी एक गंमत आहे. 'पहिला भाग अस्सल, दुसरा त्याची छाया,' असे तो म्हणतो. परंतु पहिल्या भागाचे बीजही अस्सल येथले नव्हते. गुन्हेगाराचा जीव बाहुलीत शिरण्याची कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटात आलेली आहे. तो चित्रपट आधी पाहिलेल्या कोणी १९९३ साली नाक मुरडले असेल, तर त्याचेही अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही. तरीही लक्ष्या, त्याची भाबडी आई, हवालदार आणि बोलक्या बाहुल्या यांनी ती कल्पना मराठी करून टाकली. परक्या बीजाचे घरचे रोप झाले. हे एकदा घडू शकते, तर पुन्हा का घडू नये, असा प्रश्न चाहत्यास कोणी विचारला, तर त्याच्यापाशी उत्तर नसते. तो एवढेच म्हणतो, 'लक्ष्या पाहिजे होता.'

या हट्टाला आता निराळे वळण लागण्याजोगे दिवस आले आहेत. मरण पावलेल्या नटाचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर पुन्हा उभा करता येतो. 'स्टार वॉर्स' या जगप्रसिद्ध चित्रपटमालेत पीटर कुशिंग या इंग्रज नटाने १९७७ साली एक भूमिका केली होती. १९९४ साली ते वारले. तरीही २०१६ साली निघालेल्या त्याच मालेतील 'रोग वन' या चित्रपटात ते पुन्हा दिसले. अभिनय व आवाज दुसऱ्या नटाचा होता, त्यावर चेहरा कुशिंग यांचा चढविलेला होता. काही प्रेक्षक हरखले. काहींस ते रुचले नाही. 'झपाटलेला'चा तिसरा भाग काढण्याचा मनोदयही कोठारे यांनी जाहीर केलेला आहे. साहजिकच, लक्ष्या असा परत आला तर चालेल काय, ही चर्चा चाहत्यांत रंगते. एकाच्या देहात दुसऱ्याने शिरावे, ही तर तात्या विंचूचीच विद्या! ज्या चित्रपटात तिची भीती वाटली, त्याच चित्रपटासाठी तिची इच्छा धरावी, हे त्या चाहत्यास कसेसेच वाटते. आणि तरीही, तसा चित्रपट निघाला तर पहिल्या दिवशी जाशील काय, असे विचारता तो चटकन 'जाईन' म्हणतो, आणि मग थोडा ओशाळतो.

त्या वर्षीच्या मंडईत, नाटक पाहून घरी परतताना, मुलीने त्यास विचारले, 'बाबा, तुम्ही सारखे लक्ष्या लक्ष्या म्हणता, तो कोण?' तिला त्या दिवशी नागपुरास नवा चित्रपट मनापासून आवडला होता. तेथे कोणाची उणीव आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने जुना चित्रपट लावला. चित्र पुसट होते, रंग विटलेले होते, चष्म्याची गरज नव्हती. बाहुल्याने प्रथम डोळे फिरविले, त्या ठिकाणी मुलीने डोळे झाकून घेतले. आणि लक्ष्या किंचाळत पळाला, तेव्हा ती बोटांच्या फटीतून पाहत मोठ्याने हसली. बापाने पडद्याकडे पाहिलेच नाही. त्यास तो प्रसंग पाठ होता.