कामगाराचा पगार आणि पेठेचा गल्ला

आपल्या समाजातील जी मंडळी आज दुकानदार, डॉक्टर, वकील म्हणून स्थिरावली आहेत, त्यांच्या बोलण्यात अलीकडे एक सूर वारंवार ऐकू येतो. कामगारांनी वेतनवाढ मागितली की तो ‘त्यांचा’ प्रश्न. आपला व्यवसाय मात्र आपल्या गुणांवर उभा आहे. गुणांविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु गुणांनाही गिऱ्हाईक लागते, आणि ते गिऱ्हाईक कोणाच्या पगारातून येते हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहिलेच पाहिजे. त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. कोकणातून, साताऱ्याकडून पुरुष एकटेच येत. त्यांच्या जेवणासाठी चाळीचाळींतून बायकांनी खानावळी चालविल्या. महिनाभर दोन वेळचे जेवण उधारीवर आणि पगार झाला की हिशेब, अशी ती रीत होती. खानावळवाली धान्य आणी वाण्याकडून, तेही उधारीवरच. म्हणजे एका पगारावर प्रथम खानावळवाली, तिच्यामागे वाणी आणि वाण्यामागे घाऊक व्यापारी अशी साखळी उभी होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना संघटित करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले आणि त्यांच्यासाठी बँकांची दारे उघडून घेतली. त्या कर्जाला खरे तारण होते ते दर महिन्याला येणाऱ्या कामगाराच्या पगाराचे.

दिवाळीच्या बोनसचेही तसेच. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याचा पगार. तो हाती आला की कापडवाला, शिंपी, भांडीवाला यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसे. चाळीतल्या डॉक्टरांची फी, शिकवणीवाल्या मास्तरांचे पैसे, मुलाच्या कॉलेजची पुस्तके, सारे त्याच पगारातून निघे. उरलेले मनिऑर्डरीने गावी जाई आणि तेथल्या वाण्याची उधारी फेडी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती सर्वसाधारण पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते. गिरणीत सर्वांत चांगली कमाई विणाई खात्यात, म्हणजे बोलीभाषेतल्या साचेखात्यात होती. त्या खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती. कारण असे सांगितले जाई की धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे सवर्ण विणकर बाटतो. आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात अडकून राहिली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला. आमच्या मते त्या बंदीचा परिणाम गिरणीच्या फाटकाशी थांबला नाही. ज्या वस्तीत कमी पगार येतो त्या वस्तीत दुकानही लहानच राहते आणि तेथून निघालेल्या डॉक्टरला पहिली दहा वर्षे फी मागताना संकोच वाटतो. आपल्यातला व्यापारी वर्ग उशिरा का उभा राहिला, याचे एक उत्तर त्या साचेखात्याच्या बंद दारात आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे २.५ लाख कामगार त्यात होते. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. संपाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे नको. पण पगार थांबले तेव्हा प्रथम वाण्याची वही भरत गेली, मग वाण्याने हात आखडला. खानावळींतले मेंबर गावी निघून गेले, ताटे रिकामी राहिली. ज्यांनी आयुष्यात गिरणीचे फाटक ओलांडले नव्हते, त्यांचाही धंदा त्या फाटकाबरोबर बसला.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. त्या भागातली संपत्ती पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली, तरी खानावळी परत आल्या नाहीत. कामगार आपला जवळजवळ सगळा पगार राहत्या गल्लीतच खर्च करतो. मोठ्या नफ्याला तसे बंधन नसते. तो शेअरमध्ये जाईल, परदेशात जाईल, जागेत अडकून पडेल. म्हणून एका श्रीमंताची मिळकत आणि हजार कामगारांची मिळकत बेरजेत सारखी असली, तरी पेठेला ती सारखी नसते.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजित मोठा यज्ञ करायला निघतो, तेव्हा त्याचा पुरोहित त्याला अडवतो. राज्यात लूटमार होत असेल तर शिक्षेने ती थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकरी करणाऱ्याला वेतन दे, असे तो सांगतो. शेतकरी, व्यापारी आणि वेतनावर जगणारा यांचा विचार तेथे एकत्रच केलेला आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

यावर आमचे दुकानदार मित्र म्हणतात, पगार वाढले तर आम्हीच बुडू, आमच्याकडेही दोन नोकर आहेत. ही अडचण खरी आहे. लहान दुकानाला एकट्याने पगार वाढविणे जड जाते. परंतु नोकर दोन आणि गिऱ्हाईक पाचशे असतील, तर सर्वांचेच वेतन वाढण्यात तोटा कोणाचा? आज औद्योगिक वसाहतींत कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आला आहे. त्याच्या हाती महिनाअखेर काय पडते याची चौकशी वसाहतीजवळ दवाखाना उघडणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याने जागेचे भाडे विचारण्याआधी करावी.

जाता जाता एक विनंती. पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या घरी खानावळीच्या वह्या, गिरणीची पगारपत्रके, वाण्याची उधारीची पुस्तके, मनिऑर्डरीच्या पावत्या अजून असतील. त्या रद्दीत देऊ नयेत. शाळेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. मूळ कागद ठेवायचा असल्यास आम्ही प्रत काढून परत करू.