सेवेला जाताना आपला भार कोणावर?

उन्हाळ्याच्या सुट्टीत टांझानियात, केनियात किंवा युगांडात जाऊन दीड-दोन महिने सेवा करायची असे ठरले, की तयारी सुरू होते ती सामानाच्या यादीपासून. लसी, मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, टॉर्च, मेतकूट, चिवड्याची पाकिटे. यादी बरोबरच असते, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट जाणाऱ्याच्या सोयीची असते. ज्यांच्याकडे आपण जाणार, त्यांच्या बाजूने कोणी यादी करत नाही. ती केलीच, तर पहिल्या ओळीत लिहावे लागेल की एक अनोळखी माणूस राहायला येतो आहे. त्याला भाषा येत नाही, वाटा माहीत नाहीत, तो आजारी पडू शकतो आणि कोणाला तरी त्याच्याकडे सतत लक्ष द्यावे लागणार आहे. अनुभवाने माझे एक मत पक्के झाले आहे. परदेशात सेवेला गेलेला माणूस सुरुवातीला यजमानांवरचा भारच असतो. मदत तो नंतर होतो, आणि कधी कधी होतच नाही. म्हणून खरी तयारी एकच: हा भार घरी असतानाच जितका कमी करता येईल तितका करणे. बाकीची सगळी तयारी याच कसोटीवर तपासावी, असा माझा आग्रह आहे.

भार म्हणजे काय, हे पाण्यावरून चटकन कळते. पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत पाणी आणायला पिवळा प्लॅस्टिकचा जेरीकॅन सर्रास वापरतात. एक कॅन 20 लिटरचा, म्हणजे भरल्यावर 20 किलोचा. घरात नळ नसेल, तर तो बहुधा बाया आणि मुली डोक्यावरून आणतात. पाहुण्याची रोजची अंघोळ आणि त्याचे कपडे म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरचा आणखी एक कॅन. पाहुणा मागत नाही आणि यजमान बोलत नाहीत, म्हणून हा हिशेब कोणाच्याच वहीत येत नाही. जेवणाचेही तसेच. मक्याच्या पिठाची उगाली, सोबत घेवड्याच्या बिया किंवा पालेभाजी, हे जेवण शाकाहारी माणसाला सहज चालते. पण आपण काय खातो आणि काय खात नाही हे आधी कळवले नाही, तर पाहुण्यासाठी कोंबडी कापली जाते आणि ताटावर बसल्यावर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. थोडक्या पाण्यात अंघोळ करणे, आपले कपडे आपण धुणे, समोर येईल ते ताजे अन्न हाताने खाणे आणि राहण्या-जेवणाचा खर्च आधीच ठरवून यजमानांच्या हातात देणे, या सवयी निघण्यापूर्वीच अंगवळणी पडायला हव्यात.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. सुट्टी आपली असते, त्यांची सोय निराळी असते. आपला एप्रिल-मे म्हणजे टांझानियाच्या उत्तर भागातला आणि केनियातला मोठा पावसाळा. मार्च ते मे या काळात कच्चे रस्ते चिखलात जातात आणि घरोघरची माणसे शेतात असतात. टांझानियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि जूनमध्ये मुलांना मधली सुट्टी लागते. केनियातल्या शाळा एप्रिलमध्ये बंद असतात. म्हणजे मुलांना शिकवायला म्हणून गेलेल्या माणसाच्या मुक्कामातला मोठा भाग शाळा बंद असण्यात जाऊ शकतो. मग त्याला काहीतरी काम असावे म्हणून यजमान काम शोधून काढतात. बऱ्याच शाळांच्या रंगवलेल्या भिंतींमागे हेच कारण असते. रंगारी, गवंडी आणि मजूर तिथेही आहेत आणि त्यांना रोजगार हवा आहे. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोक स्वतः सार्वजनिक कामाला उतरतात. त्या श्रमदानाला ते उमुगांडा म्हणतात. खड्डे खणायला माणसे नाहीत म्हणून तिथले काम अडले आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. यजमान संस्थेला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाला, कोणता माणूस तुम्हाला हवा आहे? उत्तर ‘कधीही या, काम भरपूर आहे’ असे आले, तर आपल्यासाठी नेमके काम नाही असे धरून चालावे.

आरोग्याच्या तयारीकडेही मी याच नजरेने पाहतो. ‘आपल्याकडे काय मलेरिया नाही?’ असे म्हणून गोळ्या टाळणारे बरेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातले मलेरियाचे सुमारे 95 टक्के रुग्ण आफ्रिका विभागात आहेत, आणि तिथे प्रामुख्याने आढळतो तो फाल्सिपेरम हा जिवावर बेतणारा प्रकार. भारतात वाढलो म्हणून त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावे, पण कोर्स पुरा करणे आपल्या हातात आहे. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्या भागातून निघाल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती पहिल्याच वाक्यात द्यावी. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला 2016 पासून आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. केनिया किंवा युगांडातून वैध दाखल्याशिवाय भारतात परतणाऱ्याला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. व्हिक्टोरिया सरोवरात पोहायचा मोह आवरावा, कारण तिथल्या गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया त्वचेवाटे शरीरात शिरतो. बोडा-बोडा म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर हेल्मेटशिवाय बसू नये. हे सगळे आपल्या जिवासाठी आहेच, पण तेवढ्यापुरते नाही. खेड्यातल्या लहान दवाखान्यात एक खाट, एक नर्स आणि गावातली एकमेव गाडी स्वयंसेवकासाठी अडली, तर त्या दिवशी गावातले कोणीतरी त्यांना मुकते. म्हणून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा काढल्याशिवाय निघू नये.

आता कामाकडे येऊ. अमेरिकेची पीस कोअर ही संस्था 1961 पासून स्वयंसेवक पाठवते. नेमणूक दोन वर्षांची, आणि तिच्याआधी त्याच देशात सुमारे तीन महिने भाषेचे आणि कामाचे प्रशिक्षण. आपला अख्खा मुक्काम या प्रशिक्षणापेक्षा छोटा असतो. मग ते शिक्षण कधी होणार? निघण्याआधी, इथेच. टांझानियातल्या सरकारी प्राथमिक शाळांत स्वाहिली माध्यम आहे. स्वाहिलीचा गंध नसलेला माणूस तिथे इंग्रजी शिकवायला उभा राहिला, की मूळ शिक्षकाला दुभाषा व्हावे लागते आणि वर्ग दोघांच्या मध्ये लोंबकळतो. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करण्यापासून बाजारहाट, दुखणेखुपणे आणि वेळ विचारण्यापर्यंतची स्वाहिली सहा महिन्यांत येऊ शकते. पुण्यात आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकतात. त्यांच्याकडे पैसे देऊन शिकवणी लावावी, त्यांच्या देशाबद्दल ऐकावे, आणि आपल्या शहरात खोली भाड्याने शोधताना त्यांच्या वाट्याला काय येते तेही विचारावे. रंगावरून माणूस जोखायची आपली सवय सोबत घेऊन गेलो, तर सेवेचे नावही काढू नये.

काही कामे मात्र कितीही तयारी केली तरी करू नयेत. इथे ज्या कामाचा परवाना आपल्याकडे नाही, ते तिथेही करायचे नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याने टाके घालणे किंवा बाळंतपण हाताळणे इथे चालत नसेल, तर गरीब देशातल्या बाईवर हात साफ करणे हा अपराध आहे. अनाथालयांबाबतही मी तितकाच ठाम आहे. अशा संस्थांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या, की मुलांना संस्थेत ठेवण्यात कोणाचा तरी फायदा तयार होतो. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुले कुटुंबांत परत नेण्याचे धोरण धरले. दर दोन महिन्यांनी नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. त्या मुलांनी हे किती वेळा सोसायचे?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले काय वाईट? थोडे केलेले वाईट नसते, पण त्याची किंमत कोणी मोजली ते पाहावे लागते. विमानभाडे, संस्थेची फी, लसी आणि विमा यांच्या बेरजेत तिथल्या एका शिक्षकाचे बरेच महिन्यांचे वेतन निघू शकते. एवढा खर्च करून जायचे, तर आपल्याशिवाय तिथे होणार नाही असे काहीतरी आपल्याकडे हवे: हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवून ते चालवायला शिकवणे, ठिबक सिंचनाची माहिती, यंत्रदुरुस्ती. आणि आपण निघाल्यावर ते काम चालवणारा स्थानिक माणूस आधीच ठरलेला हवा. दुसरा आक्षेप: आपण काही गोरे राज्यकर्ते नाही, आपल्याला हे दोष कसे लागतील? पूर्व आफ्रिकेला भारतीय माणूस नवा नाही. व्यापारी, कारखानदार, मालक म्हणून तो तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्या नात्यात कडवटपणाही आहे. 1972 मध्ये युगांडातून आशियाई लोकांची झालेली हकालपट्टी हा अन्यायच होता. पण तो इतिहास न वाचता जाणारा माणूस कोणत्या घरात पाऊल टाकतो आहे, हे त्यालाच ठाऊक नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: इतक्या अटी घातल्या, तर तरुण जातीलच कशाला? 1968 मध्ये विचारवंत इवान इलिच यांनी मेक्सिकोत अमेरिकी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते, की पाहायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. मी तिथपर्यंत जात नाही. जावे, पण आधी घराजवळ शिकावे, आणि शिकायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या अल्पशिक्षित बायकांनाच आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बालमृत्यूंतली घट 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि ही पद्धत पुढे आफ्रिकेतही पोहोचली. ते टिकले, कारण काम गावच्या माणसाच्या हातात होते. मेळघाटात किंवा भामरागडात महिनाभर राहून ज्याला ऐकून घेणे जमले, त्याला टांझानियातही जमेल. इथे ज्याला ते जड जाते, त्याला विमानाचे तिकीट बदलू शकत नाही.

म्हणून निघण्याच्या सहा महिने आधी या गोष्टी तपासा. यजमान संस्थेने नेमके काम लेखी कळवले आहे का? स्वयंसेवकाला लागणारा परवाना ती काढून देते का, की पर्यटक व्हिसावर या म्हणते? पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, आणि पकडले गेल्यावर यजमानही अडचणीत येतात. आपल्या फीमधला किती पैसा गावात पोहोचतो? आपल्यानंतर काम कोण करणार? आपल्याला रोजच्यापुरती भाषा येते का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर या उन्हाळ्याचे तिकीट काढू नका. एक वर्ष थांबा, शिका आणि पुढच्या वर्षी जा. तुमच्या उशिराने तिथे कोणाचे नुकसान होणार नाही. अपुऱ्या तयारीने मात्र नक्की होईल.