लो-रुहामा आणि रहमत

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात बनीइस्राईलच्या उत्तरेकडील राज्यात होशेय यांनी उपदेश केला. यहुदी त्यांना पैगंबर मानतात; दिव्य कुरआनात त्यांचा नामोल्लेख नाही. लोक अल्लाहशी केलेला करार मोडून बअलच्या पूजेला लागले होते. याच बअलविरुद्ध हजरत इलियास (अलै.) यांनीही आपल्या कौमला बजावले होते.

इब्रानी धर्मग्रंथानुसार होशेय यांना मुलीचे नाव 'लो-रुहामा' ठेवण्याचा आदेश झाला. अर्थ, जिच्यावर दया नाही. लेकीला हाक मारावी आणि शिक्षेची घोषणा व्हावी! पुढे ख्रिस्तपूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरी फौजांनी राजधानी शोमरोन घेतली आणि असंख्य लोक हद्दपार झाले.

परंतु त्याच ग्रंथात नंतर 'लो', म्हणजे 'नाही', गळून पडते आणि 'रुहामा' उरते. हा शब्द आपल्याला परका नाही. 'रहमत', 'रहमान', 'रहीम' हे याच धातूचे; नमाजच्या प्रत्येक रकअतीत तो आपल्या जिभेवर असतो.

सूरह बनीइस्राईलमध्ये या कौमच्या दोन उपद्रवांचा व दोन शिक्षांचा उल्लेख आहे. त्यानंतर आठव्या आयतीत हेच क्रियापद येते. पालनकर्ता तुमच्यावर दया करील अशी आशा दिली जाते आणि त्याच श्वासात बजावले जाते की तुम्ही पुन्हा तसेच वागलात, तर शिक्षाही पुन्हा येईल. शिक्षेचा भाग आपण बनीइस्राईलसाठी ठेवतो, रहमतीचा स्वतःसाठी. आयत मात्र एकच आहे.