'नाइन्टीन एटी-फोर'ची ऐतिहासिक-राजकीय पार्श्वभूमी

जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी जून १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. शीतयुद्धाच्या आरंभकाळी आल्यामुळे ती बव्हंशी सोव्हिएत राजवटीवरील टीका म्हणून वाचली गेली. हे वाचन अपुरे आहे. स्टालिनकालीन खटले व शुद्धीकरणे तिच्यामागे आहेतच. परंतु भूतकाळ पुसून पुन्हा लिहिण्याची जी कल्पना तिचा गाभा ठरते, तिचे मूळ स्पॅनिश यादवी युद्धात शोधावे लागते. मे १९३७ मध्ये बार्सिलोनात फ्रँकोविरोधी गटच परस्परांशी लढले. ऑर्वेल ज्या 'पूम' या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या पथकात होता, तो पक्ष फॅसिस्टांचा हस्तक ठरवून जूनमध्ये बेकायदा करण्यात आला. आघाडीवर गळ्यात गोळी लागलेला ऑर्वेल कसाबसा फ्रान्समध्ये निसटला. आणि डोळ्यांदेखत घडलेल्या घटनांची विपरीत हकिगत त्याला वृत्तपत्रांत वाचावी लागली. विन्स्टन स्मिथची नोकरी जुनी वृत्तपत्रे 'दुरुस्त' करण्याची असावी, यात नवल नाही.

शत्रुमित्रांची रातोरात अदलाबदलही निव्वळ कल्पित नव्हे. ऑगस्ट १९३९ चा नाझी-सोव्हिएत करार आणि जून १९४१ चे जर्मन आक्रमण यांत दोन वर्षांचेही अंतर नव्हते.

इंग्लंडचा वाटा मात्र सहसा दुर्लक्षिला जातो. १९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीतून हिंदुस्थानसाठी युद्धकालीन प्रचाराचे कार्यक्रम करीत होता (वेणू चितळे तेथे त्याच्या सहकारी होत्या), आणि त्याच्या संहिता सेन्सॉरच्या नजरेखालून जात. कादंबरी घडते ती लंडनमध्ये; तिच्यातील 'इंग्सॉक' हे 'इंग्लिश सोशॅलिझम'चेच संक्षिप्त रूप आहे.