पद्धतीचा वाटा

निगडी प्राधिकरण

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. जिज्ञासा, चिकाटी, सहकार्य हे तीन गुण, आणि प्रत्येकावर मूल, शिक्षक, पालक अशा तिघांची प्रश्नावली. म्हणजे ९ मापं आणि ३६ सहसंबंध. कॅम्पबेल आणि फिस्के यांनी १९५९ मध्ये मांडलेला तक्ता तो हाच. त्यातले ९ सहसंबंध एकाच गुणाचे, वेगवेगळ्या पद्धतींमधले. दुसरे ९ एकाच पद्धतीतले, वेगवेगळ्या गुणांमधले. मॉडेल चालवण्याआधी हे दोन गट शेजारी ठेवून नीट वाच.

शाळा सुटल्यावर बाई अख्ख्या वर्गाचे फॉर्म एकाच बैठकीत भरतात. आवडता विद्यार्थी आला की जिज्ञासेला चार, चिकाटीला चार, सहकार्यालाही चार. घरी वडील चाकणला रात्रपाळीला असले की फॉर्म आई भरते, आणि तिला दिसते ती गृहपाठाला बसलेल्या मुलाची चिकाटी, जी वर्गात कुणाला दिसत नाही. बाईंचे चार-चार-चार हा दोष आहे. आईचं वेगळं मत ही माहिती आहे. मॉडेल मात्र दोन्ही एकाच ‘पद्धतीच्या परिणामा’त टाकतं. तो निवाडा तुलाच करायचा आहे.

गुणांचे तीन आणि पद्धतींचे तीन असे सहा फॅक्टर घालायचा मोह होईल. कागदावर ते मॉडेल छान दिसतं, पण बरेचदा उणे व्हेरियन्स हाती येतो. तो शून्यावर बांधून पुढे जाऊ नकोस. एका पद्धतीतल्या चुकांना आपसांत संबंध ठेवू देणारं मॉडेल सहज सुटतं, पण ते पद्धती परस्परांपासून स्वतंत्र धरतं. बाई आणि आई पालकसभेत त्याच मुलाबद्दल बोलतात, तेव्हा त्यांचं एकमत गुणाच्या खात्यावर जमा होतं. मी मायकेल आइड यांची २००० सालची रीत घेईन: एक पद्धत आधार धरायची, बाकीच्या तिच्यापासून किती हटतात ते मोजायचं. आधार बदलला की फॅक्टरचा अर्थच बदलतो, म्हणून तो डेटा येण्याआधी कारणासह लिहून ठेव.

आणखी एक. तुझ्या तिन्ही पद्धती शेवटी प्रश्नावल्याच आहेत. ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्डच्या प्रतिमानावर रचलेल्या कसोट्या पाहा. तिथे आकृती, चिन्हं, शब्द हे आशयप्रकार क्षमतेचाच भाग मानले आहेत; दुसरा अभ्यासक त्यांनाच पद्धत म्हणेल. ते पाहून झालं की मुलांना प्रत्यक्ष करायला एखादं काम देऊन चौथी पद्धत उभी करता येईल का, ते ठरवू. रविवारी फोन कर.

तुझी,
मावशी