जरकन घेण्याआधी पावतीवर काय लिहून घ्याल?

सराफाकडे ‘जरकन’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळे खडे विकले जातात. एक म्हणजे झिरकॉन, जमिनीतून निघणारं झिर्कोनियम सिलिकेट. दुसरा क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे आपला अमेरिकन डायमंड किंवा नुसतं ‘एडी’. सोव्हिएत संशोधकांनी १९७०च्या दशकात बसवलेल्या पद्धतीने तो कारखान्यात तयार होतो. दोन्ही खडे लखलखतात, दोन्ही हिऱ्याऐवजी वापरले जातात, आणि शुक्रासाठी खडा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर यातला कोणताही ठेवला जाऊ शकतो. एडीत वाईट काहीच नाही. तो झिरकॉनच्या भावाने गळ्यात पडला, की नुकसान होतं.

एडीचा सुटा खडा नगावर विकतात. एक-दोन कॅरटचा पांढरा खडा फार तर शंभर-दोनशे रुपयांना मिळावा. नैसर्गिक झिरकॉनचा भाव कॅरटवर असतो. तपकिरी, पिवळा, नारिंगी खडा काही शे रुपये कॅरटपासून दोन-अडीच हजारांपर्यंत जातो. निळा सगळ्यांत महाग. स्वच्छ आणि भरीव रंगाच्या निळ्याला किरकोळ बाजारात कॅरटला चार-पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मोजावे लागतात. हे आकडे ढोबळ आहेत. खडा मोठा असेल तर कॅरटचा दरही चढतो. ‘झिरकॉन फार दुर्मीळ’ असं कोणी सांगू लागलं तर भुलू नका. केरळातल्या चवरा आणि तमिळनाडूतल्या मनवलकुरिची इथल्या किनाऱ्यावरच्या वाळूतून झिरकॉन काढला जातो, आणि तो टाइल्सच्या चकाकीसाठी, ओतकामासाठी टनावर विकला जातो. दुर्मीळ असतो तो पैलू पाडण्याजोगा स्वच्छ स्फटिक. पैसे त्याचे.

निळा रंग बहुतेक वेळा भट्टीतला असतो. कंबोडियातल्या रतनकिरी भागातला तपकिरी झिरकॉन तापवून निळा करतात. ही व्यापारात सर्वमान्य पद्धत आहे, फसवणूक नाही. मात्र पावतीवर ‘उष्णतेची प्रक्रिया केलेला’ असं लिहिलेलं असावं. असे काही खडे सतत उन्हात राहिले तर पुन्हा तपकिरीकडे झुकतात. म्हणून रंग उतरला तर खडा बदलून देणार का, हे पैसे देण्याआधीच ठरवा.

आता वजन. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. रत्नांच्या बाजारातली रत्ती साधारण ०.१८ ग्रॅमची, सोनाराची जुनी रत्ती त्याहूनही हलकी. पाच रत्तीचा खडा म्हणजे सुमारे साडेचार कॅरट. कॅरटला ६,००० रुपये दर असेल तर त्याचे २७,००० व्हायला हवेत. पाच कॅरटचा हिशेब लावला तर ३०,००० होतात, म्हणजे तीन हजार जास्तीचे. त्यामुळे वजन आणि दर दोन्ही कॅरटमध्येच मागा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. झिरकॉन हिऱ्यापेक्षा जड असतो, त्यामुळे एक कॅरटच्या हिऱ्याएवढा दिसणारा झिरकॉन त्याच घडणीत १.३ कॅरटच्या आसपास भरतो.

खडा हातात आला की दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा. वरच्या सपाट पैलूतून आत, तळाच्या पैलूंच्या कडांकडे पाहा आणि खडा जरा तिरका करा. झिरकॉनमध्ये एकेक कड दुहेरी दिसू लागते, जवळजवळ दोन रेघा. सरळ वरून पाहिलं तर ती लपू शकते, म्हणून तिरकं करणं महत्त्वाचं. एडीत आणि काचेत कड एकेरीच राहते. हिऱ्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या मोइसनाइट या खड्यातही ती दुहेरी दिसते, त्यामुळे एवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. सुटा खडा पाण्यात तोलून घनता काढली तर चित्र स्पष्ट होतं: बहुतेक झिरकॉन ४.६ ते ४.७, एडी ५.६ ते ६, मोइसनाइट ३.२. खडा दहा-पंधरा हजारांच्या वरचा असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्यायलाच हवा. मुंबईत आणि जयपूरला मान्यवर रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहेत. त्यांची फी खड्याच्या किमतीच्या मानाने थोडी असते, ती कोण देणार हे आधीच बोलून घ्या.

सोन्यात एडी जडवलेले दागिने घेणाऱ्यांची संख्या नैसर्गिक झिरकॉन घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी, आणि माझ्या मते खरा फटका तिथेच बसतो. समजा बांगड्यांची जोडी ३० ग्रॅमची आहे आणि त्यात खडे २ ग्रॅमचे. सोनं दहा हजार रुपये ग्रॅम धरलं आणि खड्यांचं वजन सोन्यातच मोजलं, तर काही शे रुपयांच्या खड्यांचे तुम्ही वीस हजार देता. त्यावर १२ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी चढला की रक्कम २३ हजारांच्या पुढे जाते. मोडीला गेलात की तेच खडे वजनातून वजा होतात. ‘ग्रॉस’ वजन, खड्यांचं वजन आणि ‘नेट’ सोनं अशा तीन वेगळ्या नोंदी पावतीवर असल्याशिवाय पैसे देऊ नका. खड्यांची किंमतही वेगळी लिहून घ्या. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

झिरकॉन ठिसूळ असतो. काठिण्य साडेसहा ते साडेसात, पण पैलूंच्या कडा लवकर झिजतात. रोजच्या अंगठीपेक्षा कानातलं किंवा पदक करा. अंगठीच हवी असेल तर कडा झाकणारं कोंदण घ्या. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकायला नाही म्हणा. डबीत इतर खड्यांना घासू न देता वेगळा ठेवा.

पावतीवर ‘जरकन’ एवढंच लिहून चालणार नाही. ‘नैसर्गिक झिरकॉन’ किंवा ‘क्युबिक झिर्कोनिया’ असं स्पष्ट लिहायला सांगा. अहवालात खडा वेगळा निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दोन्हीकडे पावती आणि अहवाल लागतील.