आईच्या फोनला प्रीपेड बरं की पोस्टपेड?

प्रश्न : माझी आई साताऱ्याजवळ गावी एकटी राहते. तिला नेट लागत नाही, नुसते फोन घ्यायचे आणि करायचे. दर 28 दिवसांनी रिचार्ज संपतो आणि तो मारायचा आम्ही हमखास विसरतो. मुलगा म्हणतो, घरातल्या सगळ्यांचं एकत्र पोस्टपेड करून टाकू. ते स्वस्त पडेल का? आणि हा 28 दिवसांचा महिना आला कुठून?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी 28 दिवसांचं पाहू. चार आठवड्यांचा हिशेब धरला की वर्षात 12 ऐवजी 13 रिचार्ज बसतात. 300 रुपयांचा रिचार्ज असेल तर आपण वर्षाचे 3600 मनात धरतो आणि खिशातून 3900 जातात. ग्राहकांनी याबद्दल खूप तक्रारी केल्या. मग जानेवारी 2022 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, आदेश काढला, की प्रत्येक कंपनीनं निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. असे प्लॅन आहेत, पण दुकानात ते क्वचितच कुणी आपणहून सांगतं. मागून घ्या.

स्वस्ताईचं म्हणाल तर जाहिरातीतले दोन आकडे शेजारी ठेवून फसू नका. प्रीपेडच्या किमतीत 18 टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, पोस्टपेडवर तो वरून लागतो. म्हणजे 400 रुपयांच्या पोस्टपेडचं बिल येतं 472 रुपयांचं. शिवाय त्यातला मोठा वाटा नेटचा, आणि तुमच्या आईला तर नेट नकोच आहे. तिच्यासाठी चांगली वाट डिसेंबर 2024 मध्ये खुली झाली. फक्त कॉल आणि एसएमएसचं एक तरी व्हाउचर हवंच, असं ट्रायनं कंपन्यांना बजावलं आणि अशा व्हाउचरची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली. पुढच्याच महिन्यात कंपन्यांनी असे लांब मुदतीचे प्लॅन आणले. आईसाठी त्यातला सगळ्यात लांब मुदतीचा घ्या.

मला खरी काळजी वाटते ती पैशांपेक्षा तिच्या नंबरची. मुदत संपली की पहिल्यांदा बाहेर फोन लागेनासा होतो, पण येणारे फोन आणखी काही दिवस चालू राहतात. घंटी वाजते आहे, म्हणजे फोन ठीक आहे, असं म्हातारं माणूस समजतं. मुदत संपल्याचा मेसेज इंग्रजीत आलेला असतो, तो तसाच पडून राहतो. मग एक दिवस येणारे फोनही थांबतात, आणि पेन्शनच्या खात्याचा ओटीपी येत नाही तेव्हा कुठे घरात कळतं. सलग 90 दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. फोनच्या प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबरची मुदत 30 दिवसांनी वाढते, म्हणून एवढी शिल्लक कायम असू द्या. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. बँकेत जुनाच नंबर राहिला असेल तर आईचे मेसेज परक्या माणसाच्या हातात पडतात. प्रीपेड घेणार असाल तर मुदतीची तारीख आईवर सोपवू नका, तुमच्या फोनवर आठवण लावा.

पोस्टपेडमध्ये ही धास्ती नाही, बिल भरत राहिलं की नंबर चालू. महिन्याचं नेट एकत्र मिळतं, रोजचा कोटा रात्री बारा वाजता वाया जात नाही. दिवसभर फोनवर धंदा करणाऱ्याला ते सोयीचं आहे. आणखी एक जागा आहे जिथे पोस्टपेडवाचून खोळंबा होतो, ती म्हणजे जम्मू-काश्मीर. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. वैष्णोदेवीला किंवा अमरनाथला निघालेल्या आपल्याकडच्या कित्येक मंडळींना हे तिथे पोचल्यावर समजतं आणि मागे घरचे हवालदिल होतात. तुमच्या घरातून कुणी जाणार असेल तर निदान एक फोन पोस्टपेड असलेला बरा.

मुलाच्या एकत्र प्लॅनबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: आईला त्यात घालू नका. बिल एकाच्या नावावर निघतं आणि ते थकलं तर गावी तिचा फोनही बंद पडू शकतो. ज्या नंबरवर तिचं बँकखातं चालतं, त्याचं सिम तिच्याच नावावर, तिच्याच आधारवर हवं. मुलाला स्वतःसाठी पोस्टपेड हवं असेल तर खुशाल घेऊ द्या. 2021 पासून प्रीपेडचं पोस्टपेड ओटीपीवर होतं, सिम बदलावं लागत नाही. पुढे कंपनी बदलायची झाली तर मात्र पोस्टपेडचं थकलेलं बिल आधी चुकतं करावं लागेल, नाहीतर पोर्टिंगचा अर्ज तिथेच अडतो.